गोडं बोअर, मचूळ विहीर: जतच्या रानासाठी पाण्याचा रिपोर्ट कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरचे, घरची शेती हातकणंगल्याकडे, सगळा ऊस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सांगली जिल्ह्यात जतच्या पूर्व भागात सहा एकर मध्यम काळी जमीन घेतली. तिथं एक जुनी विहीर आहे, पाणी मचूळ. आता शेजारी साडेचारशे फुटांचं बोअर मारलंय, त्याचं पाणी प्यायला गोड. दोन्हींचे रिपोर्ट काढले. विहिरीवर शेरा आला ‘क्षारयुक्त, काळजीपूर्वक वापरावे’, बोअरवर ‘सिंचनास योग्य’. बेत असा की विहीर बंद करायची, सगळं बोअरवर घ्यायचं, चार एकर डाळिंब ठिबकवर आणि दोन एकरांत गहू नाहीतर कांदा. चालेल का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. विहीर बंद करू नका, आणि बोअरचं पाणी एकटंच त्या काळ्या रानाला देऊ नका. शेऱ्यावर बघितलं तर हे उलटं वाटेल. तो शेरा फक्त विद्युत वाहकता, म्हणजे ई.सी., बघून मारलेला दिसतो. ई.सी. सांगते की पाण्यात एकूण क्षार किती आहेत. कुठले आहेत, ते सांगत नाही. कोरडवाहू पट्ट्यातल्या पाण्याचा सगळा घोळ त्या ‘कुठले’मध्येच असतो.

तुमचे आकडे समोर ठेवतो. विहिरीची ई.सी. २.६ डेसिसायमन प्रति मीटर. लिटरला कॅल्शियम १६० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ८५, सोडियम २५३, बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ४६२, सल्फेट ३८४. बोअरची ई.सी. निम्मी, १.३. कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२, सोडियम २५३, कार्बोनेट २४, बायकार्बोनेट ५००, क्लोराइड १०६, सल्फेट ४८, सामू म्हणजे पी.एच. ८.६. सोडियम बघा, दोन्हीकडं अगदी तेवढाच आहे. फरक आहे तो त्याच्या सोबत्यांत.

मिलिग्रॅममध्ये ही तुलना कळत नाही, कारण प्रत्येक घटकाचं वजन वेगळं. आधी मिलीइक्विव्हॅलंट करून घ्या: कॅल्शियमला २० नं भागा, मॅग्नेशियमला १२.२ नं, सोडियमला २३ नं, बायकार्बोनेटला ६१ नं, कार्बोनेटला ३० नं, क्लोराइडला ३५.५ नं, सल्फेटला ४८ नं. विहिरीत कॅल्शियम ८, मॅग्नेशियम ७, सोडियम ११. बोअरमध्ये कॅल्शियम १, मॅग्नेशियम १, सोडियम ११. इथंच अर्धं चित्र उघडं पडतं.

या आकड्यांवरून प्रयोगशाळेचं कामही तपासून घ्या, फुकटात होतं. धन आयनांची (कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम) बेरीज आणि ऋण आयनांची (बाकीचे चार) बेरीज पाच टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे, आणि ई.सी.ला दहानं गुणलं की साधारण तीच बेरीज आली पाहिजे. तुमच्या विहिरीची २६, बोअरची १३. दोन्ही जुळतात. म्हणजे पृथक्करण नीट केलंय, चुकलाय तो फक्त शेरा. असे रिपोर्ट माझ्यापुढं बरेच येतात. आकडे बरोबर, आणि खाली रबरी शिक्का चुकीचा.

आता पहिलं गणित, सोडियम शोषण गुणोत्तर, एस.ए.आर., म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती भारी, ते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज करा, निम्मी करा, वर्गमूळ काढा, त्यानं सोडियमला भागा. विहिरीचं येतं ४. बोअरचं ११. दुसरं गणित त्याहून सोपं आणि आपल्या भागात त्याहून महत्त्वाचं: कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. याला आर.एस.सी. म्हणतात, उरलेला सोडियम कार्बोनेट, साध्या भाषेत पाण्यातला धुण्याचा सोडा. विहिरीत ५ वजा १५, म्हणजे उणे १०, सोडा शिल्लक नाहीच. बोअरमध्ये ९ वजा २, म्हणजे ७. १.२५ पर्यंत बिनघोर, २.५ च्या पुढं नको, अशी जुनी मर्यादा आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या परंपरेतलं आपल्याकडचं वर्गीकरण थोडं सैल आहे. त्यातसुद्धा ४ च्या पुढचं पाणी अल्कलीयुक्त, आणि एस.ए.आर.ही १० च्या वर असेल तर अतिअल्कलीयुक्त. तुमचं ‘योग्य’ बोअर या शेवटच्या खान्यात बसतं. विहीर बसते ‘किंचित क्षारयुक्त’मध्ये.

बऱ्याच प्रयोगशाळा अजून कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेचा १९५४ चा तक्ता वापरतात, सी-१ ते सी-४ (क्षार) आणि एस-१ ते एस-४ (सोडियम) वाला. त्या तक्त्यावर तुमची विहीर सी-४ एस-२ आणि बोअर सी-३ एस-३ येतं. तक्ता वाईट नाही, पण त्यात सोड्याला जागाच नाही. शिवाय ई.सी. २.२५ च्या पुढं गेली की तो पाण्याला थेट शेवटच्या वर्गात ढकलतो, आणि राजस्थानात त्याच्या दुप्पट क्षाराच्या पाण्यावर बार्ली-मोहरी काढणारे शेतकरी आहेत. आपल्या भारतीय मानकात ई.सी. १.५ पर्यंत कमी, ३ पर्यंत मध्यम, ६ पर्यंत जास्त, अशी उतरंड आहे. तुमच्या बोअरला ‘योग्य’ हा शेरा बहुतेक त्या १.५ च्या रेषेखाली सापडल्यामुळंच मिळाला. त्याच मानकात आर.एस.सी. ६ च्या पुढची म्हणजे फारच जास्त, असंही लिहिलंय. तो रकाना कुणी बघितला नाही.

पाण्यात सोडा आहे हे घरात प्रयोगशाळेच्या आधी कळतं. बोअरच्या पाण्यात डाळ पटकन शिजते का? साबणाला भरपूर फेस येतो, हात धुतल्यावर बुळबुळीत लागतात का? आणि विहिरीच्या पाण्यात डाळ तासन् तास टणक राहते का? तसं असेल तर घरातल्या बाईमाणसांनी ते पाणी तुमच्याआधी ओळखलेलं असणार. फक्त त्यांनी दिलेला निकाल स्वयंपाकाचा असतो, रानाचा निकाल बरोबर उलटा लागतो. डाळ न शिजवणारा कॅल्शियम-मॅग्नेशियम काळ्या मातीचे कण एकत्र धरून ठेवतो. डाळ शिजवणारा सोडा ते कण सुटे करतो.

सुटे झाले की काय होतं, ते मी माझ्या चुकीतून शिकलो. धंद्यात नवा होतो, हाताशी ई.सी. मीटर होता आणि त्यावर भलताच विश्वास होता. कवठेमहांकाळ बाजूच्या एका शेतकऱ्यानं बोअरचं पाणी आणलं, ई.सी. एकाच्या जरा वर. मी बेधडक ‘मारा खुशाल’ म्हणून मोकळा झालो. तीन वर्षांनी तो परत आला, भांडायला नाही, नुसता दाखवायला. ढेकूळ दगडासारखं. पाणी दिलं की दोन-दोन दिवस वर तळं, आणि खाली वितीवर माती कोरडी. वाफसा येईपर्यंत पीक पिवळं. कडेच्या भागात माती काळपट, तेल सांडल्यासारखी चकाकणारी. आपल्याकडं याला चोपण म्हणतात, आणि ज्यानं ती जमीन नांगरलीय त्याला शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवसापासून सोड्याचं गणित केल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

यात एक फसवणूक आहे. असल्या पाण्यानं जमीन पाणी देताना तितकी बिघडत नाही, पावसात बिघडते. उन्हाळ्यात पाण्यातलेच क्षार मातीचे कण कसेबसे धरून ठेवतात. मृगाचा पाऊस पडला की वरच्या थरातले विरघळणारे क्षार धुऊन जातात, कणांना चिकटलेलं सोडियम तसंच राहतं, आणि माती विस्कटून वर पापुद्रा धरते. शेतकऱ्याला वाटतं पाऊस जोराचा झाला म्हणून जमीन दबली. शिवाय बायकार्बोनेटवालं पाणी रानात सुकताना त्यातला थोडाथोडका कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो, म्हणून जमिनीतला एस.ए.आर. रिपोर्टवरच्या ११ वर थांबत नाही, वर चढत जातो.

खोल बोअरचं पाणी असं का, हेही विचारलंय. आपला सगळा खडक बेसाल्ट. विहिरीचं पाणी उथळ, दरवर्षी पाऊस-पाझर मिळणारं, उन्हानं आटून घट्ट होणारं, त्यामुळं क्षार जास्त पण मिश्र. खालचं पाणी फटींतून बराच काळ मुरलेलं. वाटेत चिकणमातीच्या थरांशी त्याची अदलाबदल होते, कॅल्शियम तिथं राहतो आणि बदल्यात सोडियम पाण्यात येतं. प्रत्येक खोल बोअर असंच असेल असं नाही. पण अवर्षणी भागात जितकं खोल तितकं चांगलं, हे गृहीत धरू नका.

आता विहिरीकडं. तिचा दोष वेगळा, तो क्षारांच्या ओझ्याचा. एक एकर रानावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. ई.सी.ला ६४० नं गुणलं की लिटरमागं अंदाजे किती मिलिग्रॅम क्षार ते मिळतं. विहिरीचं गणित केलं तर प्रत्येक एकर-इंचामागं १७० किलो क्षार रानात पडतो, पन्नास किलोची साडेतीन पोती. गव्हाला दहा इंच दिलं तर एकरी पावणेदोन टन. उसाला ऐंशी इंच दिलं तर साडेतेरा टनांच्या पुढं. तुम्ही उसाच्या सवयीनं पाणी पाजणारे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. पश्चिमेला गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिथं असलं ओझं एका पावसाळ्यात धुऊन जाईल. जतला पाचशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. तिथं धुणारं कुणी नाही, तुम्हालाच धुवावं लागतं.

किती धुवायचं, त्याचं सूत्र आहे. पिकाला मुळांशी जी क्षारता सोसते तिला पाचनं गुणा, त्यातून पाण्याची ई.सी. वजा करा, आणि येईल त्यानं पाण्याच्या ई.सी.ला भागा. गहू ६ पर्यंत सोसतो: २.६ भागिले २७.४, म्हणजे दहा टक्के पाणी जास्त द्यायचं, मुळांखाली जाण्यासाठी. जमण्यासारखं आहे. भुईमूग ३.२, तिथं वीस टक्क्यांजवळ. ऊस १.७ च सोसतो, तिथं ४४ टक्के. म्हणजे निम्म्याला थोडंच कमी पाणी नुसतं क्षार ढकलायला, आणि काळ्या रानात ते खाली जाणार नाही, साठणार. कांदा १.२, तिथं सूत्र ७६ टक्के म्हणतं, म्हणजे विषय संपला. विहिरीवर कांदा लावलात तर चाळीस टक्क्यांच्या घरात उत्पादन गेलं असं धरून चला. बोअरवर लावलात तर पहिल्या वर्षी बरा येईल, आणि तीच खरी अडचण, कारण मग तुम्ही दुसऱ्या वर्षीही लावणार.

राजस्थानाचा दाखला वर दिला. पाली-जोधपूरकडं खारं पाणी वापरणारे शेतकरी एक रब्बी घेतात आणि पुढचा खरीप रान मोकळं ठेवतात, पावसानं धुऊन घ्यायला. त्यांचा खारचिया गहू पालीकडचा, क्षार सोसण्यात नावाजलेला. पण तिथली माती पुष्कळदा वाळूसरशी, पाणी सरळ खाली जातं. म्हणून ‘तिकडं ६ ई.सी.वर पीक येतं’ हे ऐकून आपल्या काळ्या रानात तसं करायला जाऊ नका. तेच पाणी वाळूत चालतं, मुरमाड माळावर जेमतेम चालतं आणि तीस टक्क्यांच्या वर चिकणमाती असलेल्या रानात घात करतं.

मग करायचं काय? दोन्ही पाणी एकत्र करा. तुमच्या बाबतीत हे नशीबच म्हणायचं, एकाचा दोष दुसऱ्यानं भरून निघतो. निम्मं-निम्मं मिसळलं तर कॅल्शियम साडेचार, मॅग्नेशियम चार, सोडियम अकराच, कार्बोनेट-बायकार्बोनेट मिळून सात. आर.एस.सी. उणे दीड. एस.ए.आर. पाचच्या थोडं वर. ई.सी. दोनच्या आत. विहिरीला पाणी कमी असेल तर एक भाग विहीर आणि दोन भाग बोअर: आर.एस.सी. १.३, एस.ए.आर. सहाच्या वर, ई.सी. पावणेदोनच्या आसपास. हेही चालेल, नजर ठेवून. याच्यापलीकडं बोअर वाढवू नका.

मिसळायचं ते शेततळ्यात, ठिबकच्या पाइपात नाही. दोन पाणी एकत्र आली की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून चुना बसू लागतो. तो तळ्यात बसला तर उत्तम, ड्रिपरमध्ये बसला तर बाग गेली. तरी महिन्या-दोन महिन्यांनी आम्ल प्रक्रिया लागेलच: लॅटरलच्या टोकाला येणाऱ्या पाण्याचा सामू चारच्या आसपास येईल इतकं आम्ल, दहा-पंधरा मिनिटं, मग पंप बंद, दुसऱ्या दिवशी टोकं उघडून धुऊन टाका. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

डाळिंबाला हे मिश्रण झेपेल, जेमतेम का होईना. क्लोराइड ८ येतो, पानांच्या कडा करपण्याची शक्यता राहते, म्हणून पाणी पानांवर उडवू नका, तुषार नकोच. ठिबकमध्ये क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जाऊन बसतो. पहिला वळीव पडला की तोच क्षार धुऊन मुळांत येतो आणि झाड अचानक मान टाकतं. म्हणून पहिल्या एक-दोन सरी पडताना ठिबक बंद करू नका, चालू ठेवा. शेजारी हसतील, हसू द्या. दोन एकरांत गहू किंवा शाळू. कांदा नको.

विहीर आटली आणि नुसतं बोअर वापरायची पाळी आली तर जिप्सम. आर.एस.सी.चा एक एकक मारायला लिटरला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. ७ वरून २.५ वर आणायचं म्हणजे साडेचार एकक, एकर-इंचाला शुद्ध ४० किलो, बाजारातल्या ८० टक्केवाल्याचं ५० किलो. गव्हाला दोन-दोन इंचाच्या पाच पाळ्या दिल्या तर एकरी अर्धा टन. हे दर हंगामाचं आहे, एकदा टाकून सुटका नाही. पावसाळ्याआधी रानात मिसळा किंवा हौदात जिप्समचे खडे ठेवून त्यावरून पाणी घ्या. जोडीला धैंचा-ताग गाडा, आणि आपल्या साखर कारखान्यांची मळी (प्रेसमड) जतपर्यंत नेणं परवडत असेल तर तीही.

मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा जास्त असेल तर काही रिपोर्टवर लाल शेरा येतो. बेसाल्टच्या पाण्यात ते नेहमीचंच, बाकीचे आकडे बरे असतील तर मी तो शेरा फार मनावर घेत नाही. बोरॉन मात्र एकदा तपासून घ्या, ०.७ मिलिग्रॅमच्या आत असला की विषय सोडून द्या. नायट्रेटही बघा: लिटरला ४५ मिलिग्रॅम असेल तर प्रत्येक एकर-इंचासोबत किलोभर नत्र फुकट मिळतं, तेवढा युरिया कमी करा. आणि प्यायला ते बोअर वापरणार असाल तर फ्लोराइड तपासल्याशिवाय नको, चव गोड असली तरी.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन जतला येतं, तुमच्या शिवारात आज ना उद्या कृष्णेचं पाणी पोचेल. मिसळायला ते सोन्यासारखं. पण तुमच्याच जिल्ह्यातलं शिरोळ आठवा. शिरोळची हजारो एकर जमीन क्षारपड झाली ती खाऱ्या पाण्यानं नाही, कृष्णा-पंचगंगेच्या गोड्या पाण्यानं. काळं रान, बारमाही ऊस, पाटानं वाटेल तेवढं पाणी, आणि निचरा शून्य. खालची पाण्याची पातळी वर आली, पाणी केशाकर्षणानं चढून उन्हात उडालं, क्षार वर राहिला. आता तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून निचरा करावा लागतोय. कालवा आला तरी जतला ऊस लावू नका, एवढं ऐका.

पुढच्या खेपेला नमुना आणताना बोअर वीस मिनिटं चालवून मग बाटली भरा, शेततळ्यातून किंवा टाकीतून नको. एक लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, औषधाची नको. काठोकाठ भरा, बुचाखाली हवा राहिली की कार्बोनेटचे आकडे सरकतात. त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत. एक नमुना मे महिन्यात, एक पाऊस संपल्यावर. आणि पाण्याबरोबर माती आणा, तीन थरांची: एक फूट, दोन फूट, तीन फूट. त्याआधी घरी एवढं करा: वाळलेल्या ढेकळाचा हरभऱ्याएवढा खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या नाहीतर बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, हलवू नका, दोन तासांनी बघा. खडा नुसता ढासळून खाली बसला आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर रान अजून शाबूत आहे. खड्याभोवती दुधासारखा गढूळ ढग धरला तर मला बोअर सुरू करायच्या आधी कळवा.